मुक्काम पोस्ट डॉट भारत

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय इंटरनेटच्या पत्त्याला असलेल्या शेपटीबद्दल. शेपटी म्हणजे पत्त्यातल्या शेवटच्या टिंबानंतर जे येतं ते. डॉट कॉम, डॉट इन, डॉट ओआरजी. पूर्वी या शेपट्या हाताच्या बोटांवर मोजत, आता त्या चौदाशेच्या घरात गेल्यात. पुन्हा सांगते, चौदाशे.

बोलता बोलता मी टिंब म्हटलं बघा. टिंब हा इतका चांगला शब्द घरात असताना आपण डॉट का म्हणतो, हे मला कधी कळलेलं नाही. एकदा मी हट्टानं निवेदनात 'टिंब कॉम' म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी केंद्रावर फोन. "बाई, ती टीम कॉम म्हणजे कुठली टीम?" तेव्हापासून मीसुद्धा डॉटच म्हणते. पण मनातून टिंब.

तर शेपटी. आपण पोस्टकार्डावर पत्ता कसा लिहितो? आधी माणसाचं नाव, मग मुक्काम पोस्ट अमुक, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर. लहानाकडून मोठ्याकडे. पण टपाल छाटणारा माणूस तो शेवटाकडून वाचतो. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. इंटरनेटचंही तसंच. आपण पत्ता डावीकडून लिहितो, यंत्र तो उजवीकडून उलगडतं. आधी शेपटी बघतं, मग आतलं नाव. म्हणून शेपटी महत्त्वाची. शेपटी म्हणजे जिल्हा. जगातल्या सगळ्या जिल्ह्यांची एकच मूळ यादी असते, आणि त्या यादीत नसलेली शेपटी लावलीत तर पत्र कुठेच पोचत नाही.

ही रचना १९८३ सालची, पॉल मोकापेट्रिस यांची. त्याआधी जिल्हे-तालुके काही नव्हते. जगातल्या झाडून सगळ्या जोडलेल्या संगणकांची नावं एकाच वहीत असायची. वही म्हणजे फाइल, पण मी वहीच म्हणते. ती कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाईंच्या गटाकडे. नवीन संगणक आला की त्यांना कळवायचं, त्या नोंद करायच्या. गावच्या तलाठ्यासारखं. पण संगणक वाढले आणि वही पुरेना. मग १९८५ साली मोजक्या शेपट्या आल्या. कंपन्यांना कॉम, विद्यापीठांना ईडीयू, अमेरिकेच्या सरकारला जीओव्ही, सैन्याला एमआयएल, शिवाय नेट आणि ओआरजी. आणि प्रत्येक देशाला दोन अक्षरं. एवढं लक्षात ठेवा, दोन अक्षरी शेपटी दिसली की तो देश किंवा प्रदेश. पुढे लागेल.

आपलं डॉट इन १९८९चं. सुरुवातीला त्याचा कारभार मुंबईत जुहूला होता, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत. तेव्हा नियम इतके कडक की नाव मिळता मिळत नसे. २००५ साली दार मोकळं झालं, कुणीही या, नाव घ्या.

दोन अक्षरांवरून काही छोट्या देशांचं नशीब कसं उघडलं तेही सांगते. पॅसिफिकमधल्या तुवालूला टीव्ही ही अक्षरं मिळाली. देश अकरा हजार माणसांचा. टीव्हीशी जुळते म्हणून एका कंपनीनं ती शेपटी पैसे मोजून चालवायला घेतली आणि त्या पैशाचा उपयोग तुवालूला २००० साली संयुक्त राष्ट्रसंघाचं सदस्य होताना झाला. कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटाला एआय मिळालं. त्या वेळी त्या दोन अक्षरांना कुणी विचारत नव्हतं. मग एआयची, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली, आणि २०२३ साली त्या बेटानं नुसत्या या शेपटीवर सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळवले. सरकारी उत्पन्नाचा पाचव्या हिश्शाहून मोठा वाटा. शेती नाही, कारखाना नाही, दोन अक्षरं.

मग मोठा विस्तार झाला तो २०१२ साली. नावांचा कारभार बघणारी आयकॅन नावाची संस्था आहे, १९९८ची. तिनं जाहीर केलं, तुम्हाला हवी ती शेपटी मागा. अर्जाची फी १ लाख ८५ हजार डॉलर. त्या वेळच्या भावानं कोटीभर रुपये, नुसत्या अर्जाला. तरी १,९३० अर्ज आले. शॉप, ॲप, बर्लिन, लंडन, काय काय. टाटांनी टाटा मागितलं. तर कळलं, मोरोक्को देशात टाटा नावाचा प्रांत आहे! दुसऱ्या देशाच्या प्रांताचं नाव हवं तर त्या सरकारची हरकत नाही असं पत्र लागतं. मिठापासून मोटारीपर्यंत ज्यांचं नाव आपल्या घराघरांत, त्यांचीही फाइल तिथे अडली. ती काही सुटली नाही, डॉट टाटा यादीत चढलंच नाही.

आणि या १,९३० अर्जांपैकी आधी कुणाचा तपासायचा? यासाठी संगणकावर नेमबाजीसारखी एक स्पर्धा घ्यायची ठरली होती, ठरलेल्या क्षणाच्या जास्तीत जास्त जवळ बटण दाबायचं. त्यात इतका घोळ व्हायला लागला की बेत रद्द. मग काय केलं असेल? भिशीला करतो तेच. १७ डिसेंबर २०१२ला लॉस एंजेलिसला विमानतळाजवळच्या एका हॉटेलात सगळ्यांना बोलावलं, शंभर डॉलरचं कागदी तिकीट विकलं आणि हातानं चिठ्ठ्या काढल्या. जगाला इंटरनेट चालवून दाखवणारी मंडळी, आणि चिठ्ठ्या! मला हे फार आवडतं. पहिली चिठ्ठी निघाली व्हॅटिकनची, कॅथलिक हा शब्द चिनी लिपीत. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिल्या चार नव्या शेपट्या यादीत चढल्या, त्या अरबी, रशियन आणि चिनी अक्षरांतल्या. एकही रोमन नाही.

आपली देवनागरी शेपटी या सगळ्यापेक्षा वेगळ्या वाटेनं आली, देशाची शेपटी म्हणून. डॉट भारत. भारत देवनागरीत लिहायचं, अक्षर अक्षर मराठी. २७ ऑगस्ट २०१४ला ती लोकांसाठी खुली झाली. मराठी, कोंकणी, हिंदी, नेपाळी अशा देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी एकदमच. देवनागरीत डॉट कॉमही आहे, आणि संस्थांसाठी डॉट संगठन आहे. आता संगठन! आपण मराठीत संघटना म्हणतो, संघटन म्हणतो. 'ग'चं संगठन कधी म्हणतो? देवनागरी म्हटली की हिंदीच धरायची, ही सवय जुनी आहे. असो. पत्रं येतील मला यावर, येऊ द्यात.

आता आमच्या दाजींची गोष्ट. खरं तर तीच सांगायला मी आज बसलेय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पन्हाळ्याच्या पायथ्याला त्यांचं गुऱ्हाळ. तीन पिढ्यांचं. काहील, चुलवाण, चिपाडांचे ढीग, सगळं तसंच. मागच्या पौषात मी गेले होते. संध्याकाळची वेळ, काहिलीतला रस आटत आलेला, तो वास तुम्हाला माहितीच आहे. दाजींचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पुण्यात संगणकाचं काम करतो. तो सुट्टीला आलेला. त्यानं वडिलांच्या डोक्यात भरवलेलं, आबा, आपली वेबसाइट काढू, गूळ थेट पुण्या-मुंबईला.

इथे एक सांगू का, गूळ घेताना पिवळाधमक बघून भुलू नका. तो रंग उसाचा नसतो, पावडरीचा असतो. दाजी काहिलीत भेंडीचं पाणी सोडतात, मळी वर येते, ती काढतात, बास. त्यांचा गूळ तपकिरी असतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. नाक मुरडणाऱ्यांनी एकदा चहात घालून बघावा.

हां, तर वेबसाइट. दाजी म्हणाले, "नाव काय द्यायचं ते माझं ठरलंय. गाडीवर असतं तसं, डॉट एमएच." भाचा म्हणाला, "आबा, एमएच मार्शल बेटांचं आहे." मघाशी सांगितलं ना, दोन अक्षरं म्हणजे देश. आपल्या नंबरप्लेटवर एमएच असलं तरी इंटरनेटवर ते पॅसिफिकमधल्या एका बेटांच्या देशाचं. गोव्याच्या श्रोत्यांनो, तुमचं जीएसुद्धा गेलं, ते आफ्रिकेतल्या गॅबॉनचं. दाजींनी जरा विचार केला. "मग कोल्हापूरचं केपी?" भाच्यानं मोबाइलवर बघितलं. "ते उत्तर कोरियाचं आहे." दाजी म्हणाले, "मग राहू दे."

शेवटी ठरलं, डॉट भारत घ्यायचं आणि मराठीत नाव घ्यायचं. मळ्यातलं गुऱ्हाळ. मला इतका आनंद झाला! म्हटलं, रेडिओवरून सांगायला किती सोपं. "मळ्यातलं गुऱ्हाळ, डॉट भारत." एक तरी इंग्रजी अक्षर समजावून सांगायला लागतंय का? ए फॉर ॲपल नाही, मध्ये आडवी रेघ नाही, काही नाही.

भाचा म्हणाला, "मावशी, थांब. तू रेडिओवर सांगतेस तसं सांग. आणि आम्ही सगळे लिहितो."

मी आवाज लावला आणि एकदा, दोनदा सांगितलं. गुऱ्हाळ. गुऱ्हाळ. नुसता एक शब्द. सात जणांनी लिहिलं.

ऐका हं आता. दाजींनी मोबाइलवर लिहिलं ते बरोबर, त्यांच्या कळफलकावर अर्ध्या 'ऱ'ला वेगळी कळ आहे. तो खाली टिंब दिलेला 'ऱ'. भाचीनं लिहिलं त्यात र 'ह'च्या डोक्यावर रफार होऊन बसला. गुर्हाळ. नववीतली पोर, तिला त्यात काही चुकलंय असं वाटेचना. माझी ताई शाळेत शिक्षिका. तिनं ग-ला उकार, मग आडवी रेघ, मग हाळ लिहिलं. गु-हाळ. मी म्हटलं, "अगं, हे काय?" तर म्हणाली, "शाळेच्या जुन्या संगणकावर तो र उमटायचाच नाही. आम्ही सगळ्या अशीच रेघ मारायचो." आठवतं का तुम्हाला? क-हाड, व-हाड, सगळीकडे ती रेघ असायची. अजूनही दिसते. आमच्या मराठीच्या कपाळी त्या रेघेनं किती वर्षं काढली!

गुळव्याला मोबाइलवर लिहायचा कंटाळा, तो मोबाइलशी बोलला. मोबाइलनं ऐकून लिहिलं, गुराळ. ह गायब. खरं तर गावात सगळे तसंच म्हणतात, मोबाइलची काय चूक. ट्रॅक्टरवाल्या पोरानं इंग्रजी अक्षरांत लिहून टाकलं. आणि दाजींच्या आई, त्यांना आम्ही मोठी आई म्हणतो, चौथी शिकलेल्या, त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं. वळणदार, ठसठशीत, बरोबर. पण तो कागद. कागदाला वेबसाइट लागत नाही.

राहिला भाचा. त्याचं आणि दाजींचं शेजारी शेजारी धरलं तर अगदी एकासारखं एक. मी म्हटलं, चला, दोघांचं तरी जुळलं. भाचा हसला. त्यानं दोन्ही शब्द लॅपटॉपवर टाकले आणि विचारलं, हे एकच आहेत का? लॅपटॉप म्हणाला, नाहीत. डोळ्याला एक, यंत्राला दोन. कारण भाच्यानं साधा र घेऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घातलं होतं. कळफलकावर सवयीनं पडलेलं. ते दिसत नाही, पण असतं. मोठ्या आईला मी समजावलं, म्हटलं, काहिलीतल्या भेंडीच्या पाण्यासारखं हो. त्यांना लगेच कळलं.

सात माणसं. एक शब्द. सहा तऱ्हा. आणि मी तो शब्द अगदी स्पष्ट, निवेदिकेच्या आवाजात सांगितला होता!

आपण माणसं चुकीचं लिहिलेलंही बरोबर वाचतो. पोस्टमन तर काहीही वाचतो. पण इंटरनेटच्या यादीला अंदाज करता येत नाही. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की तो पत्ता दुसरा. शुद्धलेखनाचे इतके खडूस मास्तर मी शाळेतसुद्धा पाहिले नाहीत. आमचे मास्तर निदान हातावर छडी मारून मग बरोबर काय ते सांगायचे. हे नुसतंच म्हणतं, असं कुणी इथे राहत नाही.

भाचा म्हणाला, "मग सगळीच रूपं घेऊन टाकू. मराठी पाच, इंग्रजी एक. दर वर्षी प्रत्येकाचे पैसे भरायचे." दाजींनी काहिलीत उलथणं ठेवलं. म्हणाले, "एका गुऱ्हाळाचे सहा सातबारे काढायचे?"

गुऱ्हाळ रद्द झालं. मग मोठ्या आई म्हणाल्या, "काकवी म्हणा की. काकवी लिहायला काय लागतंय?" खरंच, काकवीत जोडाक्षर नाही, रफार नाही, शेवटची वेलांटी मराठीत दीर्घच. काकवी आणि पुढे गावाचं नाव, असं घेतलं. सातही जणांनी एकसारखं लिहिलं. ट्रॅक्टरवाल्यानंसुद्धा.

इथे गोष्ट संपायला हवी होती. नाही संपली.

भाच्यानं नाव घेतलं, दोन पानांची वेबसाइट केली, मोठ्या आईचा काहिलीपाशी उभा असलेला फोटो लावला आणि दाजींनी ती लिंक हौसेनं घरच्या ग्रुपवर टाकली. मी केंद्रावर होते. मोबाइल वाजला म्हणून बघते, तर दाजींच्या नावावर भलतंच काही. एक्सएन, दोन आडव्या रेघा, मग आकडे आणि अक्षरांची खिचडी, टिंब, पुन्हा एक्सएन, पुन्हा दोन रेघा, पुन्हा खिचडी. काकवी नाही, गाव नाही, भारतही नाही.

झालं असं, की मूळ यादीच्या यंत्रांना इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच कळतं, १९८०च्या दशकापासून. मराठी नाव आत जाताना त्याचं एका ठरावीक रीतीनं इंग्रजी अक्षरांत रूपांतर होतं आणि पुढे एक्सएन लावतात, म्हणजे ओळखायचं की हे दुसऱ्या लिपीतलं आहे. आपल्याला ते दिसायचं नसतं. पण नाव चिकटवताना कधी कधी तेच बाहेर येतं. आपला भारत आत कसा लिहिला जातो माहितीय? वाचून दाखवते. एक्स, एन, रेघ, रेघ, एच, टू, बी, आर, जे, नाइन, सी. पुन्हा एकदा, एच टू बी आर जे नाइन सी. हा आपला देश, यंत्राच्या वहीत.

ताईनं ती लिंक पाहिली आणि ग्रुपवर लिहिलं, "कुणीही उघडू नका, ह्यांचा मोबाइल हॅक झालाय." बरोबरच आहे तिचं. आम्हीच रेडिओवरून रोज सांगतो ना, अनोळखी, विचित्र दिसणारी लिंक उघडू नका! मी स्वतः सांगितलंय, याच खुर्चीत बसून. सगळ्यांनी आज्ञाधारकपणे मेसेज पुसला. एका चुलत दिरानं तर दाजींना ब्लॉक केलं. गुढीपाडव्यापर्यंत केलेलं होतं.

आता भाच्यानं त्यावर तोड काढलीय. गुळाच्या रव्यावर, म्हणजे ढेपेवर, कागद चिकटवतात, त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा तो क्यूआर छापलाय. मोबाइल धरला की वेबसाइट उघडते, नाव कुणाला लिहायला लागतच नाही. दाजी खूश आहेत. विक्री होतेय म्हणतात. कोटीभर रुपयांच्या शेपट्या मागणाऱ्यांना सांगा, आमच्याकडे नाव कागदावर आहे आणि वाचत कुणीच नाही. आयकॅननं पुढची फेरी २०२६च्या एप्रिलपासून ठेवलीय, फी या वेळी २ लाख २७ हजार डॉलर. दाजींना मी विचारलं, डॉट गूळ मागायचं का? ते म्हणाले, "त्यात र्‍हस्व-दीर्घ आहे, नको." आणि खरंच आहे, गूळ दीर्घ आणि गुळाचा मात्र र्‍हस्व.

माझी अडचण मात्र वेगळी आहे. क्यूआर रेडिओवरून सांगता येत नाही. काळी चौकट, पांढरी चौकट, काळी, काळी, पांढरी, असं मी वाचायला लागले तर तुम्ही काटा फिरवाल. तीस वर्षं मी पत्ते सांगतेय, तोंडानं, आणि तुम्ही ते ऐकून लिहिताय.

म्हणून एक काम करा. पोस्टकार्ड घ्या, अजून मिळतं. त्यावर मोबाइल न बघता, हातानं, एकच शब्द लिहा, गुऱ्हाळ. आणि केंद्राच्या पत्त्यावर पाठवा, पत्ता तुमच्याकडे आहेच. मला मोजायचंय. किती तऱ्हा येतात ते पुढच्या बुधवारी याच वेळेला सांगेन. पिनकोड मात्र विसरू नका.

नमस्कार.